सोजराईचा भाव

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मटणाचा बेत करायचा आणि माहेरवाशिणींनी जेवायला यायचं, ही दत्तोबांच्या आईच्या, सोजरबाईंच्या, वेळेपासूनची रीत. धायरी पुणे शहरात गेली, वांग्या-काकडीची रानं गेली, पाठोपाठ सोजरबाईही गेल्या, पण दत्तोबांनी रीत मोडू दिली नव्हती. यंदा मात्र त्यांची धाकटी बहीण विजयमाला एकटीच आली होती. बिबवेवाडीहून दोन बस बदलून सकाळीच आली आणि आल्या आल्या स्वयंपाकघरात लसूण सोलायला बसली.

दत्तोबांची सून सुनीती मसाला वाटत होती. लसूण पुरे झाला असं तिनं दोनदा सांगितलं, तरी आत्याचे हात थांबेनात. श्रावणात नवरा, गोपाळकृष्णराव, गेल्यापासून आत्या वाळली होती. आज तर ती नीट बोलतही नव्हती. दारात चप्पल वाजली की मान वर करायची आणि पुन्हा परातीत घालायची. सुनीतीच्या सासूबाई, मथुराबाई, चुलीपाशी होत्या. त्या नणंदेकडे बघत होत्या, पण विचारत काहीच नव्हत्या. हे सुनीतीला जरा नवलाचं वाटलं, कारण मथुराबाईंना न विचारता राहवायचं नाही.

मच्छिंद्रकाका आले ते हातात वर्तमानपत्र घेऊनच. ते दत्तोबांचे धाकटे भाऊ, कुंपणापलीकडच्या बंगल्यात राहायचे. वयानं लहान असले तरी जागेच्या व्यवहारात घरातला शेवटचा शब्द त्यांचा. उरलेलं रान बिल्डरला देऊन त्यावर ‘सोजराई’ उभी करण्याची कल्पना त्यांचीच होती. बिल्डरनं आपल्या वाट्याचे फ्लॅट हातोहात विकले आणि तो बावधनकडे निघून गेला. घरच्यांच्या वाट्याला नऊ आले. चार दत्तोबांना, चार मच्छिंद्रना, आणि जमिनीवरच्या हक्काबद्दल एक विजयमालेला. ते नऊच्या नऊ फ्लॅट सात वर्षं कुलूपबंद होते. मथुराबाई अधूनमधून जाऊन खिडक्या उघडायच्या, नळ सोडायच्या आणि बाल्कनीतली कबुतरांची घाण काढून परत कुलूप लावायच्या.

भाडेकरू ठेवायचा नाही, कारण वापरलेला फ्लॅट जुना म्हणून जातो. आणि साठ लाखांच्या खाली कुणी द्यायचा नाही. नोटाबंदीनंतर बाजार हलला, त्या वर्षी मच्छिंद्रकाकांनी सगळ्यांना सोजरबाईंच्या फोटोसमोर उभं करून हे कबूल करून घेतलं होतं. एकानं खाली दिला की तोच सगळ्यांचा भाव होतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं.

आज त्यांनी पेपर पसरून पाडव्याच्या जाहिराती दाखवल्या. कुणी स्वयंपाकघर फुकट करून देत होतं, कुणी एसी, एकजण तर सोन्याचं नाणं. लोक घेतायत म्हणून तर एवढ्या जाहिराती येतात, असं ते म्हणाले. घेत नाहीत म्हणून येतात, हे सुनीतीच्या ओठावर आलं होतं. ती घरांसाठी कर्ज देणाऱ्या एका कंपनीत होती. देशभरातल्या शहरांचे आकडे दर तीन महिन्यांनी तिच्या टेबलावर येत. नोएडात टोलेजंग इमारती अर्धवट उभ्या होत्या, मुंबईत तयार घरांना गिऱ्हाईक नव्हतं, बेंगळुरूची रया गेली होती. सगळीकडे एकच चाललेलं. विकणारा भाव खाली आणत नव्हता आणि घेणारा आणखी उतरेल म्हणून घरी बसला होता. दिवाळीला तिनं हे एकदा सांगून पाहिलं होतं. “दिल्लीकडं असंल तसं. हे पुणं हाय,” असं काका म्हणाले होते आणि दत्तोबा हसले होते. त्यानंतर तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. नवऱ्याला, जयसिंगला, तेवढं म्हणायची, निदान एक तरी विकू या. तो वडिलांचं नाव पुढं करून म्हणायचा, अण्णांना कोण सांगणार.

काकांनी आज खरीखुरी बातमी आणली होती. त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला गिऱ्हाईक लागलं होतं, हिंजवडीत नोकरी करणारं जोडपं. साठला तयार होते, पाडव्याला टोकन देणार होते. दत्तोबा बाहेर येऊन झोपाळ्यावर बसले आणि त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

“विजू, आता तुझाबी लावू,” मच्छिंद्रकाका आत डोकावून म्हणाले. “थांबलीस त्याचं चीज झालं बघ.”

विजयमालेचे हात थांबले. “मला जरा बोलायचंय तुमच्याशी. जेवणं झाली की.”

“आत्ता बोल की.”

“जेवणं होऊ देत,” ती म्हणाली. तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

*

टेम्पो सोजराईच्या फाटकात आडवा लागला होता. तो बाजूला घ्यायला सांगायला मच्छिंद्र गेले. मागे लोखंडी कपाट, पलंगाचे पाय, फ्रीज, गाद्यांचे गठ्ठे, आणि गोधडीत गुंडाळलेली एक मोठी पितळी दांडी होती. पुढच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. चाळिशीचा एक माणूस खाली उतरला आणि त्यानं नमस्कार केला.

त्यानं आपलं नाव अमीन सांगितलं. मंडईजवळ तराजू-काटे दुरुस्तीचं दुकान होतं, आजोबांपासूनचं. पुढच्या सीटवरचे दादामियाँ हे त्याचे वडील. दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो, असं तो म्हणाला.

“भाड्यानं?” मच्छिंद्रनी विचारलं. इमारतीत बिल्डरच्या गिऱ्हाइकांनी भाडेकरू ठेवले होते, त्यातलाच हा एक असावा असं त्यांना वाटलं.

“नाही साहेब, घेतलाय. विजयमालाताईंचा.” अमीननं हे सहज सांगितलं. समोरच्या माणसाला ठाऊकच असणार, अशा समजुतीनं. “खरं तर पाडव्यानंतर येणार होतो. पण टेम्पो आजच मिळाला, आणि तिकडं अब्बांना जिना चढवत नव्हता.”

त्याची बायको, हुस्नबानू, मागून पेढ्यांचा पुडा घेऊन आली. मच्छिंद्रनी पेढा हातात घेतला. कुठल्याही शेजाऱ्यानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, कितीला बसला. अमीन क्षणभर घुटमळला, पण शेजाऱ्याशी पहिल्याच दिवशी लपवाछपवी कशाला असं त्याला वाटलं असावं.

“शेहेचाळीसला. ताईंनी ताणून धरलं नाही. आमचं नशीब म्हणायचं.”

मच्छिंद्रना वाटलं की आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. मग कळलं की नाही, बरोबर ऐकलं. तालमीत, देवळाच्या पारावर, सोसायटीच्या बैठकीत, जिथं जिथं ते साठचा आकडा सांगून आले होते ती सगळी माणसं एकदम डोळ्यांपुढे आली. गावात त्यांना शेठ म्हणायला लागले होते ते सोजराई झाल्यावर. त्याआधी ते नुसते दत्तोबांचे धाकटे भाऊ होते.

टेम्पो थोडा पुढं घ्या, एवढंच ते म्हणाले. पेढा त्यांनी कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि ते घराकडे वळले.

*

मच्छिंद्रला चपलांसकट घरात येताना विजयमालेनं बघितलं आणि तिला कळलं. जेवणानंतर काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, हे ती आठवडाभर मनात घोकत होती. त्यातलं काही आता उपयोगाचं नव्हतं.

“कितीला दिलास?” त्यानं विचारलं.

“तुला कळलंय की.”

“अण्णांना कळू दे. तुझ्या तोंडानं.”

“शेहेचाळीस,” ती म्हणाली.

झोपाळा थांबला. मच्छिंद्र मग बराच वेळ बोलत होता. आईच्या फोटोपुढं दिलेला शब्द तिनं मोडला. स्वतःचं नुकसान केलं ते केलंच, वर आठ फ्लॅटांचा गळा कापला. आता कुठलाही एजंट गिऱ्हाइकाला हाच सौदा दाखवणार, आणि साठ म्हटलं की लोक तोंडावर हसणार. एका शब्दानं विचारलं असतं तर त्यानं तिला कुठूनही पैसे आणून दिले असते. जयसिंग मध्ये पडायला गेला तर त्यालाही त्यानं गप्प केलं. शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, “आणि निदान माणसं तरी बघायची.”

“माणसं म्या बघितल्यात,” मथुराबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “किल्ली मीच दिली व्हती.”

दत्तोबांनी बायकोकडे पाहिलं. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण ह्या बाईनं आपल्यापासून काही लपवून ठेवल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मथुराबाईंनी त्यांची नजर चुकवली नाही.

“वहिनींना बोल लावू नका,” विजयमाला म्हणाली. “मी पायाच पडले होते त्यांच्या.”

ती उभी राहिली नाही. लसणाची परात मांडीवर तशीच होती. ती मच्छिंद्रशी नाही, दत्तोबांशी बोलायला लागली.

“अण्णा, मी तुमच्याकडं आले होते. आठवतंय? यांना जिना झेपेना म्हणून.”

दत्तोबांना आठवत होतं. गोपाळकृष्णराव महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांच्या छातीनं दगा दिला. बिबवेवाडीची जागा भाड्याची, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हळूहळू त्यांचं खाली उतरणं बंद झालं. आयुष्यभर गल्लोगल्ली फिरून व्हॉल्व्ह सोडणारा माणूस खिडकीत बसून राहायला लागला. तक्रार करायचे नाहीत. फक्त कधीतरी विचारायचे, “धायरीला लिफ्ट आहे ना गं?” ते तिसऱ्यांदा का चौथ्यांदा विचारलं तेव्हा ती भावांकडे आली होती. आपल्या फ्लॅटमध्ये राहायला येऊ का, नाहीतर तो विकून बिबवेवाडीतच तळमजल्यावर काही बघू का, असं तिनं विचारलं होतं. मच्छिंद्र म्हणाला होता, राहिलात की फ्लॅट जुना झाला, आणि आत्ता विकलात तर मातीमोल जाईल. दिवाळीपर्यंत कळ काढ. तिनं अण्णांकडे पाहिलं होतं, आणि अण्णा म्हणाले होते, थांब विजू.

“मी थांबले,” ती म्हणाली. “दिवाळी झाली, पाडवा झाला, परत दिवाळी झाली. घरी जाऊन मी यांना सांगायची, भाव यायचाय अजून. ते म्हणायचे, बरं. दुसरं काय म्हणणार? श्रावणात गेले. न्यायला माणसं आली तर जिन्याचं वळण अरुंद, तिरडी वळेना. खुर्चीत बसवून, धोतरानं बांधून उतरवलं. दोन वर्षांनी खाली आले ते तसे.”

मग ती मच्छिंद्रकडे वळली.

“आणि तेराव्याला तू मला बाजूला घेऊन काय सांगितलंस मच्छिंद्रा? आता घाई करू नको, मार्चनंतर भाव येईल. त्या दिवशी ठरवलं मी. जो पहिला येईल त्याला देऊन टाकायचा. एजंटनं हे लोक आणले, ते त्यांच्या म्हाताऱ्यासाठी लिफ्ट शोधत होते. मी विचारलंच नाही ते कोण म्हणून.”

मच्छिंद्रचा चेहरा पडला. पण तो आता इतका पुढे आला होता की मागे फिरायला त्याला जागा राहिली नव्हती. “दाजींचं आम्हाला वाईट वाटत न्हाई का?” तो म्हणाला. “पर त्याची भरपाई आमच्या लेकरांच्या घासातनं का?” आणि मग तो म्हणाला की ह्यापुढं तिनं ह्या घराची पायरी चढू नये. शब्द मोडणाऱ्याला माहेर नसतं.

हे घर मच्छिंद्रचं नव्हतं, दत्तोबांचं होतं. म्हणून विजयमाला वाट बघत राहिली. अण्णा फार बोलणाऱ्यांतले नव्हते. गप बस मच्छिंद्रा, एवढं म्हणाले असते तरी तिला पुरलं असतं. दत्तोबा खाली फरशीकडे बघत होते. झोपाळ्याची कडी त्यांनी मुठीत धरली होती.

तिनं परात सुनीतीच्या हातात दिली, मोरीत जाऊन हात धुतले आणि पिशवी उचलली. मथुराबाईंनी डबा भरून आणला. तो मात्र तिनं घेतला.

सुनीती बसस्टॉपपर्यंत बरोबर येते म्हणाली, पण आत्यानं तिला फाटकातूनच परत पाठवलं. मग विजयमाला वळून सोजराईच्या आवारात गेली. टेम्पो रिकामा होत आला होता. दादामियाँ लिफ्टपुढं खुर्चीवर बसले होते आणि अमीन त्यांना बटणं समजावून सांगत होता. हुस्नबानूनं विजयमालेला ओळखलं आणि वर चला, चहा घेऊन जा असा आग्रह धरला. परत कधीतरी, असं विजयमाला म्हणाली. बापलेक आत गेले, लिफ्टचं दार बंद झालं आणि लिफ्ट वर गेली. ती दुसऱ्या मजल्यावर पोचल्याचा आवाज येईपर्यंत विजयमाला खाली उभी राहिली.

*

जेवणं झाली, पण त्यात काही अर्थ नव्हता. मच्छिंद्रच्या एजंटचा फोन दुपारीच आला. हिंजवडीच्या जोडप्याला दुसऱ्या मजल्यावरच्या सौद्याचं कळलं होतं. त्या भावात देत असाल तर बोलू, नाहीतर आम्हाला घाई नाही, असा निरोप होता. मच्छिंद्र ताटावरून उठला आणि गेला.

दत्तोबा ऊन कलल्यावर सोजराईतली पाण्याची मोटर लावायला निघाले. वॉचमन असला तरी हे काम ते स्वतः करायचे. जिथं मोटर होती तिथंच पूर्वी विहीर होती, आणि विहिरीवरून पाणी वांग्यांना जायचं. पहाटे बैलगाडी मंडईत पोचवायची आणि भाव ऐकून परत यायचं. चांगला असो वाईट असो, माल त्याच दिवशी देऊन यायचं, कारण वांगं दुसऱ्या दिवशी वांगं राहत नाही. त्या वेळी वडील कधी म्हणाले नव्हते की भाव येईपर्यंत थांब.

रान गेल्यावर गावातली कितीतरी माणसं दत्तोबांनी वाया गेलेली बघितली होती. कुणी गाड्या घेतल्या, कुणी ढाबा काढला, कुणी दारूत बुडाला. आपण तसे नाही, आपल्याकडं अजून काहीतरी राखून ठेवलेलं आहे, असं त्यांना वाटायचं ते त्या बंद दारांमुळे. साठ हा आकडा त्यांना रानासारखा वाटायचा. रानाकडं नुसतं बघून यावं, तसं ते त्या आकड्याकडं बघून यायचे. गोपाळकृष्णरावांना खुर्चीला बांधून उतरवलं, हे त्यांना आज कळलं होतं. त्या दिवशी ते बाहेर रस्त्यावर बसले होते, जिन्याकडे गेलेच नव्हते.

विजूला फोन करावा असं त्यांच्या मनात आलं. मच्छिंद्रालाही समजवावं. रागाच्या भरात बोलला, उद्या निवळेल.

खाली उतरवून ठेवलेलं सामान अजून लिफ्टमधून जात होतं म्हणून ते जिन्यानं वर निघाले. टाकी भरली का ते गच्चीवर जाऊन बघायचं होतं. पहिल्या मजल्याच्या वळणावर त्यांना भावाचा आवाज ऐकू आला. तो वर, अमीनच्या दारात उभा होता. इतक्या मऊ आवाजात बोलताना दत्तोबांनी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

“सकाळी जरा गडबडीत व्हतो, राग मानू नका,” मच्छिंद्र म्हणत होता. “आता शेजारीच आपण. तुमच्या नात्यात, ओळखीत कुणी बघत असंल तर सांगा. माझा वर चौथ्यावर हाय, ह्याच्यापेक्षा उजेड जास्ती. भावाचं काय, शेहेचाळीसच्याही खाली बसू. आणि एक करा, अण्णांच्या कानावर नका घालू.”

अमीन काय बोलला ते ऐकू आलं नाही. कठड्याला हात लावून दत्तोबा तिथंच उभे राहिले. वर दार लागलं आणि मच्छिंद्र जिना उतरायला लागला. वळणावर दोघं समोरासमोर आले. दोघांनाही कळलं की दुसऱ्याला कळलंय. मच्छिंद्र भिंतीकडे सरकला, दत्तोबांनी त्याला वाट दिली, आणि एकमेकांना न शिवता ते एकमेकांजवळून गेले.

दत्तोबा गच्चीवर गेले नाहीत. टाकी भरून पाणी वाहायला लागलं तेव्हा वॉचमननं मोटर बंद केली.

*

सुनीती देवापाशी दिवा लावून बाहेर आली तेव्हा अण्णा झोपाळ्यावर बसले होते, पण झोपाळा हलत नव्हता. जिन्यात काय झालं ते त्यांनी येऊन दोन वाक्यांत सांगितलं होतं. जयसिंग ऐकून बाहेर निघून गेला. मथुराबाई मात्र ऐकून सैलावल्या. आता निदान विजूवरचा आळ तरी गेला, असं त्यांना वाटलं असावं. सकाळी तिला वाट बंद करणारा संध्याकाळी त्याच माणसांच्या दारात उभा होता. ह्याहून जास्त काय सांगायला हवं?

“सुनीती, विजूला फोन लाव,” त्या म्हणाल्या. “अण्णा बोलत्याल. पोचली का इचारत्याल. उद्याच्याला आणाया येतो म्हणावं.”

सुनीतीनं मोबाइल घेतला आणि आत्याचं नाव काढलं. तिला बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच घरात कुणीतरी काहीतरी नीट करायला निघालं होतं.

“तिला मागनं लावू,” अण्णा म्हणाले. “आधी एजंटाला लाव.”

“कोणत्या?”

“विजूचा सौदा केला त्योच, फाट्यावरचा. त्याचा नंबर असंल तुझ्याकडं, तुमच्या हापिसात येतो त्यो. पंचेचाळीसला देतो म्हणावं. चारी.” ते थोडं थांबले. “मच्छिंद्राच्या आधी.”

मथुराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. पण आतला दिवा लागला नाही.

विका, विका असं सुनीतीनंच वर्षभर जयसिंगला सांगितलं होतं. आता अण्णांनी तेच म्हटलं आणि तिचं बोट आत्याच्या नावावरच राहिलं. अण्णा वाट बघत होते. तिनं मोबाइलमध्ये एजंटाचा नंबर शोधला आणि लावला.

“काय म्हणतोय?” अण्णांनी विचारलं.

“लागत नाही. बोलतायत कुणाशी तरी.”

अण्णांनी कुंपणापलीकडे मच्छिंद्रकाकांच्या बंगल्याकडे पाहिलं. ओसरीवरचा दिवा लागला होता, आणि उजेडात कुणीतरी कानाला फोन लावून येरझाऱ्या घालत होतं.

“परत लाव,” अण्णा म्हणाले.